किरकोळ नाही, गंभीरही नाही

तमिळ मुलखातल्या आवडी गावात राहणाऱ्या तुळजा मोहितेचं काम एका वाक्यात सांगून कुणाला कळत नसे. पोलादावर चिकट पेस्ट लावायची, त्यावर ध्वनिलहरी सोडणारा अंगठ्याएवढा प्रोब फिरवायचा आणि पेटीच्या पडद्यावर उमटणाऱ्या रेघांवरून आत चीर आहे की नाही ते ओळखायचं. बॉयलर, पुलांचे गर्डर, मालवाहू जहाजं, सगळं तिने पालथं घातलं होतं. वय सत्तेचाळीस, लग्न केलेलं नाही, आणि जीभ तिखट. वडील शहाजीराव आवडीच्याच एका कारखान्यात वेल्डर होते. घरात तंजावरचं जुनं मराठी, गल्लीत तमिळ आणि रिपोर्टात इंग्रजी, असा तिचा जन्म गेला.

२००५ च्या ऑगस्टात तिच्या तपासणी कंपनीचे मालक रामस्वामी यांनी तिला बंदरावर धाडलं. धक्क्याला लागणाऱ्या एका पाणबुडीच्या कुशीत जहाजं ओढणाऱ्या टगबोटीने धडक दिली होती. लढाई नाही, वादळ नाही. शांत पाण्यात, भर सकाळी झालेला अपघात. नुकसान किती ते ठरवायचं आणि फॉर्मवरच्या तीन चौकटींपैकी एकीत खूण करायची: किरकोळ, मध्यम किंवा गंभीर. चौकशी नौदलाचे कमांडर अमरसिंह यांच्याकडे होती. ते साताऱ्याकडचे.

"मोहिते? म्हणजे आपल्यातल्याच की! कुठल्या?" त्यांनी मराठीतच विचारलं.

"तंजावरच्या. येऊन तीनशें वर्षांवर झालीं."

अमरसिंहांना हसू आवरेना. "तुमचं मराठी अगदी बखरीतलं वाटतं हो."

"तुमचें आम्हांस सिनेमातलें वाटतें," तुळजा म्हणाली आणि पेटी उघडून कामाला लागली.

बाहेरच्या पातळ पत्र्याला परातीएवढा पोचा आला होता. त्याच्या आत पाणबुडीचं खरं कवच. पोचा आलेला पत्रा कापून काढल्यावर तुळजाने त्या कवचाची जाडी बोटाबोटाच्या अंतरावर मोजली. कुठेही कमी भरली नाही.

"बघा! जाडी शाबूत आहे," अमरसिंह म्हणाले. "किरकोळवर खूण करा. चार दिवसांनी बोट सरावाला निघायचीय."

"जाडी पाहिली, साहेब. गोलाई पाहिली नाही."

ते कपाळाला आठ्या घालून उभे राहिले, तेव्हा तिने हातांनी वर्तुळ करून दाखवलं. कवच गोल असतं, म्हणूनच खोल पाण्याचा दाब ते चहूबाजूंनी सारखा पेलतं. गोलाई एके ठिकाणी दबली, की दाबाला तेवढीच जागा सापडते. शिवाय कवचाला आतून पोलादी कड्यांचा आधार. धडकेने एखादं कडं वाकलंय का, त्याचा जोड तडकलाय का, हे बाहेरून कळायचं नाही. त्यासाठी आतलं अस्तर सोलायचं, भिंतीलगतची यंत्रं काढायची. तीन दिवस तरी लागतील.

"बाई, वीस वर्षांत असे पोचे मी ढिगाने पाहिलेत."

"पाहिले असतील. आतून मोजले किती?"

अमरसिंहांनी रामस्वामींना फोन लावला. दुपारी रामस्वामी स्वतः धावत आले, तिला क्रेनच्या सावलीत घेऊन गेले आणि तमिळमध्ये म्हणाले, "तुळजा, अम्मा, एका खुणेचं काम आहे. बंदराचं काम हातातून गेलं तर कंपनीत उरेल काय?"

"खाली पाण्यात जाणारी माणसं तुमच्या कंपनीतली नाहीत, म्हणून का?"

"काही होणार नाही गं त्यांना."

"तसं लिहून द्या. मी खाली सही करते."

तुळजाने तिन्ही चौकटी कोऱ्या ठेवल्या, शेऱ्याच्या जागी 'आतली कडी तपासलेली नाहीत' असं ठळक अक्षरात लिहिलं, सही केली आणि फॉर्म अमरसिंहांच्या हातात दिला. "दुसरा माणूस आणा. त्यास खूण करूं द्या. मात्र फॉर्मावर नंबर आहे. फाडाल तर कोठें गेला म्हणून विचारतील."

दुसऱ्या कंपनीचा माणूस खरंच आला. त्याने ती ओळ दोनदा वाचली, चहा घेतला आणि घरी काही निकड आहे म्हणून निघून गेला. त्या ओळीवर पाय देऊन पुढे जायची कुणाची छाती होईना. अखेर अस्तर सोलायचा हुकूम निघाला.

आत जायच्या वेळी शिडीपाशी एक खलाशी आडवा आला. बोटीत बायका उतरत नाहीत, एखाद्या पुरुषाला पाठवा, म्हणाला.

"मोजायला येत असेल असा पुरुष दाखव, मी इथेच थांबते," ती म्हणाली. तो बाजूला झाला. बॉयलर सूटच्या बाह्या वर सारून ती खाली उतरली.

आत डिझेलचा आणि घामाचा वास कोंडला होता. पंखे बंद, अंगाला कापड चिकटलेलं. दोन दिवस ती कधी गुडघ्यांवर, कधी पाठीवर पडून कड्यांना लाकडी साचा लावून बघत होती, फट मोजत होती, जोडांवरून प्रोब फिरवत होती. तिसऱ्या दिवशी सगळं वहीत उतरलं. एक कडं आठ मिलिमीटर दबलं होतं. चालण्यासारखी मर्यादा बारा होती. पण त्याच कड्याच्या जोडात करंगळीएवढी लांब, केसासारखी चीर होती. ती घासून काढायची, जोड नव्याने भरायचा, पुन्हा तपासायचा आणि तोवर खोल बुडी मारायची नाही. तुळजाने 'मध्यम'वर खूण केली.

चीर बघून अमरसिंहांचा चेहरा उतरला. बराच वेळ ते जोडाकडे टॉर्च धरून उभे होते. पण वर आल्यावर, केबिनचं दार लावून, त्यांनी फॉर्म पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

"गंभीर करा."

"कां?"

"सराव हुकला. वर जबाब मला द्यायचाय. नुकसान गंभीर असलं तर कुणी विचारणार नाही, दोष टगबोटीवाल्याचा. आणि बाई, तुमचंच तर खरं ठरलं! मग आता मागे का सरताय?"

टगबोटीचा सारंग, म्हणजे चालक, अंतोणी. तीस वर्षं त्याने या बंदरात बोटी ओढल्या होत्या. नुकसान गंभीर ठरलं तर त्याचं लायसन जाणार, हे धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक होतं.

"मागें कोण सरतें?" तुळजाचा आवाज चढला. "त्या दिवशीं किरकोळ म्हणालांत. आज गंभीर म्हणतां. इतक्या दिवसांत पोलाद बदललें नाही, साहेब. तुमची गरज बदलली. आठ मिलिमीटर आणि एक चीर, इतकेंच आहे. तितकेंच राहील."

"मी तुमच्या मालकांशी बोलेन."

"बोला. त्यांस मोजायला येत नाही."

फॉर्म तसाच वर गेला. दुरुस्तीला अठरा दिवस लागले. अंतोणीला ताकीद मिळाली, पण लायसन राहिलं. एका रविवारी तो पत्ता विचारत आवडीला आला, हातात भलंमोठं वंजरम, म्हणजे सुरमई.

"तुम्ही माझी भाकरी वाचवलीत, अक्का."

"मी काही वाचवलं नाही. गंभीर असतं तर गंभीर लिहिलं असतं, तुमचं लायसन गेलं असतं तरी. मासा घरी न्या."

अंतोणी ओशाळला. शहाजीरावांनी मात्र त्याला बसवून घेतलं, कॉफी दिली आणि दोघं तासभर जुन्या जहाजांबद्दल बोलत बसले. मासा परत गेला.

रामस्वामींनी बंदराच्या कामातून तिचं नाव काढलं आणि तिला इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे अॅक्सल तपासायला पाठवलं. आवडीहून दोन बस बदलून जावं लागे. पहिल्याच आठवड्यात तिने चाळीस जोड नापास केले. संध्याकाळी रामस्वामींचा फोन आला.

"तुळजा, चाळीस?"

"एक्केचाळिसावा उद्या बघणार आहे," ती म्हणाली आणि हाताची पेस्ट चिंधीला पुसू लागली.