आज गाडी येणार नाही

समस्त प्रवासी बंधू-भगिनींना अत्यंत जड अंतःकरणाने आणि संपूर्ण गांभीर्याने कळविण्यात येते की, दुसरबीडहून बीबीमार्गे लोणारला जाणारी सकाळची गाडी येते. रोज येते. गेल्या दीड महिन्यात ती एकदाही चुकलेली नाही. फळ्यावर काहीही लिहिलेलं असो.

हे जाहीर करण्याची वेळ माझ्यावर आणली माझा मित्र भास्कर टेलर यानं. दीड महिन्यापूर्वी एका दुपारी, माझ्याच पँटचा एक पाय शिवून झालेला आणि दुसरा मशीनवर असताना, त्यानं मान खाली घातली ती पुन्हा वर केलीच नाही. मी जेवत होतो. फोनवर कुणीतरी म्हणालं, 'भास्करभाऊ गेले.' मी विचारलं, 'कुठं गेला?' दुपारच्या वेळी दुकान सोडून हा माणूस कधी पाणी प्यायलासुद्धा गेला नव्हता, त्यामुळे प्रश्न मला रास्तच वाटला... पलीकडच्यानं फोन दुसऱ्याच्या हातात दिला, तेव्हा कळलं.

भास्करचं दुकान थांब्याच्या अगदी समोर. दुकानाच्या भिंतीवर शाळेनं टाकून दिलेला एक फळा त्यानं ठोकला होता. रोज सकाळी फळा ओल्या फडक्यानं पुसायचा, तीन ओळी लिहायच्या आणि मगच मशीनला पाय लावायचा. पहिली ओळ सकाळच्या गाडीची. दुसरी, आज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या एका गोष्टीची. तिसरी, लोकांच्या उपयोगाची. 'नाल्याकडं वाघ नाही, रानमांजर आहे; काठ्या घरी ठेवाव्या', अशी. तेवीस वर्षं. लग्नसराईत, तापात, पोरीच्या पाठवणीच्या दिवशीसुद्धा. अक्षर मात्र असं, की त्यापेक्षा शर्टाच्या मापाची खरड बरी.

आणि मी? मी लेखक. गावात मला लेखक म्हणतात, त्यात भास्करचा वाटा मोठा, कारण ते नाव त्यानंच पाडलं आणि त्या नावानं हाक मारताना तो हमखास हसायचा. सतरा वर्षांपासून मी कादंबरी लिहितो आहे. तिच्यासाठी जाड वही आहे, वहीला लाल फीत आहे, तीन पेनं आहेत. पहिलं प्रकरणही जवळजवळ सुरू झालं आहे. रोज सकाळी मी पेपर आणायला निघालो की मशीनवरून मान न उचलता तो विचारायचा, "लेखक, काल काय लिवलं?" मी म्हणायचो, मूड नव्हता. कधी म्हणायचो, विषय मनात मुरतो आहे. त्यावर तो तोंडातल्या टाचण्या काढून थांब्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगायचा की, लेखकाचा विषय मुरून मुरून आता लोणचं झाला असंल. मला या माणसाचा इतका संताप यायचा की काही दिवस मी मागच्या गल्लीनं जाऊन पाहिलं. तिकडं चिखल फार होता.

मी एकदा त्याला सुनावलंही. म्हटलं, अरे तेवीस वर्षं लिहितोस आणि रोज पुसतोस, एखाद्या वहीत उतरवून ठेव, निदान तारीख तरी घालत जा. तो माझ्याकडं असा बघत राहिला, जसा मी शर्टाला तिसरी बाही मागितली होती. म्हणाला, "तारीख कशाले बे? रोज पुसतो तर. 'आज' लिवलं म्हणजे आजच."

पुढं त्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालं आणि तीन दिवसांसाठी फळा माझ्या हवाली झाला. पहिल्या दिवशी मी घरी कच्चा मसुदा करत बसलो. तो पक्का होईपर्यंत गाडी लोणारला पोचलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या वर्णनाच्या अकरा ओळी लिहिल्या, त्यातल्या सात मला आजही आवडतात. एक प्रवासी बराच वेळ वाचत उभा राहिला आणि म्हणाला, 'हे समदं ठीक हाय, पण याच्यात गाडीचं काऊन नाही?' तिसऱ्या दिवशी मी आजारी पडलो. परत आल्यावर भास्करनं चौकशी केली नाही, टोमणा मारला नाही, नुसतं फडकं पिळलं. हा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

तर, तो गेला त्या सकाळी बीबीच्या अलीकडं रस्त्यावर एक बाभूळ आडवी पडली होती. फळ्यावर पहिली ओळ होती: 'आज सकाळची लोणार गाडी येणार नाही. वाट पाहू नये.' खालच्या दोन ओळी शोकाकुल गर्दीच्या पाठींनी पुसल्या गेल्या. ही राहिली. तेरवीच्या दिवशी गावातल्या तरुणांनी फळ्याला हार घातला, उदबत्ती लावली, वरून पारदर्शक प्लास्टिक ठोकलं. भाषण कुणी केलं? मी. म्हणालो, हे अक्षर आता पुसणं नाही. टाळ्या वाजणार होत्या, पण प्रसंग तेरवीचा होता.

दुसऱ्या दिवसापासून तमाशा सुरू झाला. परगावचे लोक फळा वाचायचे आणि ऑटोनं निघून जायचे. मागून गाडी यायची. एका गृहस्थानं तर समोर उभ्या असलेल्या गाडीच्या वाहकाला विचारलं की, ही गाडी येणार नाही ना? आणि कासाबाई. वय सत्तरीच्या पुढं, लेक बीबीला बाळंतीण. तिला वाचता येत नाही. थांब्याच्या कडेला सावलीत बसून ती दिसेल त्याला विचारायची, 'फळा काय म्हणते?' तो सांगायचा, गाडी नाही. ती डिंकाच्या लाडवांचा डबा उचलून घरी. असं तीनदा झालं. शेजारणी म्हणत होत्या की गाडी येते, पण कासाबाईचा विश्वास भास्करवर होता.

अखेर सुमनवहिनींनी, म्हणजे भास्करच्या बायकोनं, मला बोलावलं. दुकान उघडं होतं. मी आधीच सांगून टाकलं की, त्याची तेवढीच आठवण उरली आहे, हात लावायला जीव होत नाही. वहिनी काज-बटणं करता करता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, जितेपणी त्यायनं फळ्यावर खोटं लिवलं नाही. तुम्ही त्यायले मेल्यावर रोज खोटं बोलाले लावून राह्यले."

खरं सांगायचं तर माझ्या त्या श्रद्धेत एक सोय होती. तो फळा पुसला असता तर उद्या कुणाला तरी लिहावं लागलं असतं, परवाही, तेरवाही. हार घातला की प्रश्नच मिटला... वहिनींना ते दिसत होतं. त्यांनी माझी पँट पुढं ओढली आणि सांगून टाकलं की, दुसरा पाय मी शिवते, फळा तुम्ही पुसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लास्टिक काढलं. फडकं त्याचंच होतं, मशीनच्या दांडीवर वाळून कडक झालेलं. भिजवलं, पिळलं. 'वाट पाहू नये' आधी पुसलं, मग 'येणार नाही', मग 'लोणार गाडी', मग 'सकाळची'. 'आज' पुसायला हात धजेना, म्हणून तो तसाच ठेवला आणि त्याच्यापुढं लिहू लागलो. एक ओळ झाली. दुसरीसाठी मी अर्धा तास खडू हातात धरून उभा. डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं होतं आणि मला सतरा वर्षांत जमवलेली सगळी विशेषणं आठवत होती. शेवटी बाजूला वाकून दुकानात पाहिलं आणि लिहून टाकलं. तिसरी ओळ सुचली नाही. बीबीकडं तोंड करून गाडी वळत होती.

तेवढ्यात कासाबाई डबा घेऊन आली. "वाच बाप्पा, फळा काय म्हणते?"

मी घसा साफ करून वाचलं, "आज सकाळची लोणार गाडी येणार. सुमनवहिनींनी मशीनला तेल दिलं."

कासाबाईनं आधी समोर येऊन थांबलेल्या गाडीकडं पाहिलं, मग माझ्या खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांकडं, आणि पायरीवर चढता चढता सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलून गेली, "एवढंसं लिवाले इतके दिवस लागते का बाप्पा?"