मनकर्णेचं लोणी

पुणतांब्याच्या मनकर्णाबाईच्या ताकाला अख्खा गाव नावाजायचा. पण एकोणीसशे त्रेचाळीसच्या चैत्रात याच ताकापायी तिचा संसार मोडायला निघाला होता!

लग्नाला जेमतेम महिना झालेला. पाच दिवस डेऱ्यात रवी घुमत होती आणि लोणी काही येत नव्हतं. "सून पांढऱ्या पायाची हाय," सासू साळूबाईनं निकाल दिला. "आज लोनी आलं न्हाई तर गाडी जुपायची अन् हिला माहेरी सोडायची!" नवरा पुंजाराम आईच्या शब्दाबाहेर नव्हता. मेल्यानं खरंच बैल आणून दारात उभे केले!

मनकर्णेचे तळहात सोलवटले. गार पाणी घालून झालं, कोमट घालून झालं. फेस यायचा नि विरायचा. माहेरी बाप कुणाला तोंड दाखवणार, या विचारानं ती रवी सोडत नव्हती.

एवढ्यात आठवड्यानं परगावाहून परतलेले शाळेचे दत्तोपंत मास्तर ताकाला आले. एक घोट घेतला नि तोंड वाकडं केलं. "साळूबाई, ताक इतकं मिळमिळीत कसं? दुधात काही घालता का?"

"उन्हाळ्याचं नासू नये म्हनून पाच दिस झालं, चिमूटभर पापडखार टाकते की."

"अहो, मग लोणी येणार कुठून? लोण्याच्या एकेका कणाभोवती प्रथिनाचं पातळ पांघरूण असतं, त्यावर वीज असते. केसांत घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तसली. सगळ्या कणांवर एकाच जातीची, म्हणून ते एकमेकांना ढकलतात, घरातल्या जावांसारखे! आंबटपणानं ती वीज मरते, मग कण चिकटतात. तो आंबटपणाच तुमच्या पापडखारानं खाल्ला."

वीजबीज मनकर्णेला कळली नाही, आंबट मात्र बरोब्बर कळलं. ती शेजारच्या बनुबाईकडं धावली, शिळ्या ताकाचा तांब्या आणून डेऱ्यात ओतला अन् रवीचा दोर धरला. साळूबाई डेऱ्यात टक लावून बसली. दारात बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं रवी जड झाली, फेसात दाणे दिसले आणि बघता बघता गोळा जमला.

मनकर्णेनं तो गोळा सासूच्या हातावर ठेवला. पाच दिवसांत पहिल्यांदाच तिला रडू फुटलं.

"आत्याबाई, पांढरा पाय माजा न्हाई. पांढरा पापडखार तुमचा!"

साळूबाईची मान खाली गेली.

"पुंजा, बैल सोड," ती म्हणाली. "अन् लोनी का येत नव्हतं म्हनून गावात कुनी इचारलं, तर माजं नाव सांग."