वाघापुढची घागर

अक्षय तृतीयेला आजोबांच्या नावानं घागर पुजली आणि बाबांनी आम्हाला संग्रहालय दाखवायला नेलं. तिथला म्हातारा चौकीदार पेंढा भरलेल्या वाघाची काच खाकी बाहीनं पुसत होता, लेकराचं तोंड पुसावं तशी. मग त्यानं स्टुलाखालून पाण्यानं भरलेली छोटी घागर काढून वाघापुढे ठेवली.

मला हसू फुटलं. "मेलेल्या वाघाला तहान लागते?"

"वाघाले नाही गा, माह्या बापाले," तो शांतपणे म्हणाला. "पारशिवनीकडं यानंच नेलं त्याले. हाडूक बी नाही सापडलं. मंग घागर कुठं ठेवू?"

चटका बसावा तसा मी काचेवरचा हात मागे घेतला. वाघाची पाटी मोठ्यानं वाचणारे बाबा मध्येच थांबले. वाकून त्यांनी पायातल्या चपला काढल्या.