चोवीस कप्पे

वयाची छप्पन्न वर्षं उलटली तरी घरात त्याला धाकटाच म्हणत. म्हणणारी होती एकटी ताई, त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. धाकटा पंपांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. वायसर, बेअरिंग, रबरी रिंगा असल्या तीन-साडेतीन हजार वस्तूंपैकी कुठली कुठल्या रॅकवर आहे हे त्याला तोंडपाठ होतं. लग्न करायचं मात्र राहून गेलं. यजमान गेल्यावर ताई त्याच्याकडे राहायला आली आणि दोन खोल्यांत दोघांचं बरं चाललं.

रविवारी सकाळी चहा झाला की धाकटा कॉम्प्युटर उघडून बसे. प्रोग्रामिंग तो पुस्तकं वाचून आणि चुका करकरून शिकला होता. त्याने छोटे छोटे गेम केले, वेबवर कसली कसली पानं टाकली. एका गेममध्ये आळशी लिफ्टची मनधरणी करून माणसं वर न्यायची होती. एक पान कामावर उशीर झाल्याची कारणं सुचवायचं. तेच सगळ्यांत जास्त चाललं, म्हणजे महिन्याकाठी चाळीसेक माणसं तिथे फिरकत. त्यातली निम्मी त्याच्याच कारखान्यातली असावीत, कारण साहेबांच्या कानावर तीच तीच कारणं यायला लागली होती. बाकी जगाला त्याच्या उद्योगांशी काही देणंघेणं नव्हतं. ताईला होतं.

ताईने तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली होती. तिच्या हाताखालून चूक सुटली असं छापखान्यात कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं. धाकट्याचा प्रत्येक गेम आधी तिच्यापुढे जाई. हे बटण दोनदा दाबलं की एकच माणूस लिफ्टमध्ये दोनदा चढतो, असं ती चष्म्यावरून बघत सांगे आणि तो निमूटपणे दुरुस्त करे. कौतुक ती क्वचित करायची. केलं की त्याचा आठवडा चांगला जायचा.

मनापासून आवडला तो तिला एकच गेम, ‘कप्पे’. पडद्यावर चोवीस कप्पे, प्रत्येकात एक वस्तू. चार सेकंद दिसायच्या, मग झाकणं लागायची. गिऱ्हाईक येऊन एकेक वस्तू मागे आणि ती कुठल्या कप्प्यात आहे ते आठवून दाखवायचं. गुण शंभरपैकी. ताई रोज सकाळी खेळे, नव्वदच्या आसपास गुण मिळवी आणि परगावी राहणाऱ्या मुलाला फोनवर पाठवून देई. मुलगा उलट एक अंगठा पाठवी. मायलेकांचं बोलणं बऱ्याच दिवशी तेवढंच असे.

एका सकाळी तिला अठ्ठावन्न मिळाले. दुसऱ्या दिवशी बावन्न. ते तिने मुलाला कळवले नाहीत. दोन दिवस ती जेवतानाही गप्प होती, आणि धाकट्याला ते बघवेना. रविवारी त्याने चोवीसचे वीस कप्पे केले. सोमवारी ताईला एक्याण्णव मिळाले आणि तिने भाजीत मीठ कमी पडल्यावरून त्याला ऐकवलंसुद्धा. घर पुन्हा जागेवर आलं.

चार कप्पे कुठे गेले, हे तिने विचारलं नाही. पानभर मजकुरातली एक उलटी मात्रा पकडणाऱ्या बाईला अख्खे चार कप्पे नाहीसे झालेले दिसले नाहीत. धाकट्याला तिथेच कळायला हवं होतं. मी तर म्हणेन, कळलं होतं. पण माणसाला जे नको असतं त्याकडे कानाडोळा करायला फार कष्ट पडत नाहीत.

पुढे सोळा झाले, बारा झाले, नऊ झाले. चार सेकंदांचे दहा झाले. वायसर आणि रिंग सारखीच दिसते म्हणून त्याने छत्री, चमचा, साबण अशी चित्रं घातली. गुण मोजण्याची रीतही जरा सैल केली. प्रोग्राममध्ये बदल केला की काय केलं आणि का, हे एका ओळीत लिहून ठेवायची त्याला शिस्त होती, आणि ती त्याने पाळली. ‘छोट्या पडद्यासाठी कप्पे कमी.’ ‘जुनी चित्रं कंटाळवाणी, बदलली.’ या ओळी त्याच्याशिवाय कुणी वाचणार नव्हतं. म्हणजे थापा तो स्वतःलाच मारत होता, तारीखवार.

मग एका मंगळवारी ताई दूध आणायला गेली आणि परतताना शेजारच्या इमारतीत शिरली. तिसऱ्या मजल्यावरच्या परक्या दाराला ती तासभर किल्ली लावत होती. धाकट्याने मला बाहेर काढलं, असं ती त्या घरच्या लोकांना रडत सांगत होती. तिचा मुलगा, धाकट्याचा भाचा, दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन थडकला.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की हे कधीपासून? भाच्याने फोन पुढे केला. सोमवारपर्यंत आईला काही नव्हतं, म्हणाला, हे बघा रोजचे गुण, ऐंशीच्या खाली कधी नाही. बाईंनी आकडे वर-खाली सरकवून पाहिले. इतकं अचानक झालं असेल तर मेंदूत रक्तस्राव किंवा संसर्ग असू शकतो, असं म्हणून त्यांनी ताईला भरती करून घेतलं.  धाकट्याने तोंड उघडायची वेळ तीच होती. तो मूग गिळून बसला.

दोन दिवस ताईच्या दंडाला सुया टोचल्या, तिला मशिनीत घातलं, पाठीतून पाणी काढलं. त्या वेळी ती लहान मुलासारखी ओरडली, ते बाहेर ऐकू आलं. तिसऱ्या दिवशी धाकट्याने गेममधल्या बदलांच्या त्या तारीखवार ओळींचा कागद छापून आणला, बाईंच्या टेबलावर ठेवला आणि प्रत्येक बदलाचं खरं कारण सांगितलं. भाचा शेजारीच होता.

बाईंनी तो दोनदा वाचला. “म्हणजे सव्वादोन वर्षं,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही; चढवला असता तर धाकट्याला बरं वाटलं असतं. गोळ्यांनी हा विसरण्याचा आजार बरा होत नाही, त्यांनी समजावलं, पण लवकर सुरू केल्या तर काहींना थोडा चांगला काळ मिळतो. किती, ते सांगता येत नाही.

भाच्याने कागद स्वतःकडे ओढला. “मामा, मी रोज तो आकडा बघून निर्धास्त व्हायचो,” तो म्हणाला. “नाहीतर मी आलो असतो रे.”

घरी आल्यावर त्याने एकच मागितलं: मूळ गेम परत लाव, आई खरी कुठे आहे ते मला बघू दे. धाकट्याने नाही म्हणून पाहिलं. पण नाही म्हणायचा हक्क आता त्याच्याकडे उरला नव्हता.

रविवारी सकाळी ताई चष्मा पुसून पडद्यापुढे बसली. चोवीस कप्पे उघडले, चार सेकंदांनी मिटले. गिऱ्हाइकाने बेअरिंग मागितलं. तिने एका कप्प्यावर बोट ठेवलं, काढलं, दुसऱ्यावर ठेवलं. भाचा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. शेवटी आकडा आला: सात.

ताई त्या सातकडे बघत राहिली. मग चष्मा कपाळावर सरकवून ती धाकट्याकडे वळली. “यात काहीतरी बिघडलंय,” ती म्हणाली. “तपासून बघ. काल नीट होतं.”

“हो ताई,” तो म्हणाला. “चूक माझ्याकडूनच झालीय.”

“होतं रे असं.” तिने त्याचा हात थोपटला. “एवढं मनाला लावून घ्यायचं नाही. मी आहे ना, दोघं मिळून शोधू.”