मूसच्या पोटातली गोळी

हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही, बायकोलाही नाही. शीळफाट्याच्या आमच्या बंगल्यात जो येतो तो हॉलमधल्या फोटोपुढे थांबतो. मी, हातात रायफल, पायाशी मूस. मूस म्हणजे कॅनडातलं सांबरच म्हणा, पण घोड्याहून उंच. शिकाऱ्याचा मुलगा ना मी! बाबांकडे शेतातल्या डुकरांसाठी परवान्याची बारा बोअरची बंदूक होती, पंचक्रोशीत त्यांच्या नेमाचं नाव होतं. मी ती किती वेळा उडवली? एकदाही नाही. पण बढाया मारायला बंदूक लागते कुठे?

त्या बढाया ऐकत मोठा झालेला माझा पुतण्या निकेत कॅनडात असतो. त्यानेच हौसेने मला शिकारीला बोलावलं. रायफल भाड्याने घ्यायला गेलो, तर त्याने स्वतःच्या रायफलसारखीच, लहान गोळीची थ्री-झिरो-एट पुढे केली. धक्का कमी, मूसला पुरेशी, असं समजावत होता बिचारा. मी ऐकतोय! शेजारी थ्री-थर्टी-एट मॅग्नम या जबर रायफलचं काडतूस होतं, चांगलं बोटाएवढं. मला तीच हवी होती.

"काका, खांद्याला झेपंल ती घ्या ना," तो म्हणाला. दुकानदारासमोर — मग तर मी हटूनच बसलो, वर त्यालाच म्हणालो, तूही मोठी घे.

सरावाच्या पहिल्याच बाराला खांदा काळानिळा झाला. त्यानंतर घोडा दाबायच्या आधी माझे डोळे आपोआप मिटायचे. निकेतला सांगितलं? छे.

मूस दलदलीच्या काठाला आला. ठरल्याप्रमाणे दोघांनी एकदमच बार काढले. मी — डोळे मिटून. तो लडखडत आत पळाला आणि सापडला दुसऱ्या दिवशी सकाळी. जिवंत. पोटात एकच भोक. निकेतने रडत रडत मानेत गोळी घालून त्याला सोडवलं.

मग तो तोंड धुवायला ओढ्यावर गेला. पोट साफ करताना ती गोळी माझ्याच हाताला लागली. जाड. माझी. त्याची आदल्या दिवशीची गोळी कुठेतरी हवेत गेली होती — नेम चुकला, बस्स, त्यात कसलं पाप? मी गोळी खिशात टाकली. तो आल्यावर काय म्हणालो असेन? "माझी मध्येच फांदीला अडली, तुझी ती छोटी गोळी पोटात लागली बघ. म्हणून म्हणत होतो, मोठी घे."

निकेतने रायफल विकून टाकली. पुन्हा कधी शिकारीला गेला नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या हळदीला तो आलेला. पोरं फोटोपुढे मला डोक्यावर घेत होती. तो त्यांना म्हणाला, "काका तवाच बोललेले, मोठी घे. मीच ऐकलं नाय. एवढं मोठं जनावर रातभर तडफडलं माझ्यामुळं." मी तिथेच उभा होतो. एक शब्द पुरला असता. मी त्याच्या ताटात मटण वाढलं.

लाज वाटते? वाटते. गोळी कपाटात आहे, अधूनमधून हातात घेतो. निकेतला सांगणार का? नाही. त्याच्या मनावरचं ओझं उतरावं, यापेक्षा मला भिंतीवरचा तो फोटो प्यारा आहे. मी असाच आहे.