करून दाखव की

"धनगराचा ना तू? मग तुझा बाप मेंढरं कशी बोलावतो, करून दाखव की."

शाळेचं स्नेहसंमेलन. स्टेज, माईक, समोर सगळा गाव. मी सातवीत. गणितात पहिला आलो म्हणून बक्षीस घ्यायला वर गेलो होतो. बक्षीस म्हणजे एक कंपासपेटी. ती देणारे संस्थेचे चेअरमन, गावात त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. बागायत त्यांची, सोसायटी त्यांची, शाळाही त्यांचीच. मी हात पुढं केला. आप्पांनी पेटी मागं घेतली.

"आधी आवाज. मग बक्षीस."

लोक हसले. गुरुजीही हसले. गुरुजी हसले तेव्हा मला वाटलं, हे करायचंच असतं.

मागं, भिंतीला टेकून, घोंगडी अंथरून माझे वडील बसले होते. आबा. त्या आठवड्यात आमचा कळप शिरूरच्या अलीकडं एका रानात बसला होता. पोराला बक्षीस आहे म्हणून कळप चुलत्यावर सोडून ते चालत आले होते. तांबडा पटका नवा बांधला होता.

मी हाक मारली.

ती हाक म्हणजे काय, हे सांगायला पाहिजे. जिभेचं टोक टाळ्याला लावून आधी डुर्रर्र, मग घशातून एक लांब हाऽऽ. प्रत्येक मेंढक्याची हाक वेगळी असते. पाण्यावर दोन कळप एकमेकांत मिसळले की दोघं मेंढके दोन बाजूंना उभे राहतात आणि आपापली हाक मारतात. काठी लागत नाही, कुत्रं लागत नाही. मेंढरं आपणहून वेगळी होतात. आबांची हाक त्यांच्या कळपाशिवाय कुणाच्या कामाची नव्हती. ती मी माईकवर मारली.

माणसं पोट धरून हसली. पोरांनी ब्यॅऽऽ केलं. आप्पांनी डोळे पुसत पेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "शाबास रे मेंढक्या!"

मी मागं बघितलं. आबा उठून घोंगडी झटकत होते. मग ते फाटकातून बाहेर गेले.

त्यानंतर माझ्यादेखत त्यांनी कधी ती हाक मारली नाही. मी सोबत असलो की नुसती शीळ घालायचे. मेंढरं गोंधळायची. मी समजलो, आबांना माझी लाज वाटते.

शाळेत माझं नाव मेंढक्या पडलं. कुणीही म्हणायचं, "करून दाखव की," आणि मी करायचो. पुढं पुढं कुणी म्हणायच्या आधीच करायचो. शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेलो, होस्टेलवर पहिल्याच दिवशी ओळख करून देताना मी आपणहून हाक मारून दाखवली. आपणच आधी हसलं की दुसऱ्याच्या हसण्याला धार राहत नाही, असा माझा हिशेब. धार राहिली. फक्त ती आतून लागायला लागली.

आत एक आवाज बसला. उत्तर येत असायचं, हात वर व्हायच्या आधी आवाज म्हणायचा, बस खाली. तेवढंच तर येतंय तुला, मेंढरं बोलवायला. प्रॅक्टिकलला माझं रीडिंग बरोबर यायचं. मी ते खोडायचो आणि शेजारच्याचं लिहायचो. माझं बरोबर कसं असेल? वाडीवस्तीवर माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड बघितलं नव्हतं. पदवी मिळाली तेव्हा आईनं घरोघरी गूळ वाटला. मी आत बसून होतो. आवाज म्हणत होता, वशिल्यानं मिळाली असंल. आम्हाला कसला वशिला?

कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत केमिस्ट म्हणून लागलो. प्रोबेशनवर. दौंडात खोली घेतली, कंपनीच्या बसनं जायचं यायचं. काम चांगलं करायचो. साहेबांनी विचारलं, "जमेल का?" तर "हो" कधी म्हणालो नाही. "बघतो, सर."

तिथला पर्सोनेल ऑफिसर निघाला आप्पांचा पुतण्या. माझ्याच वर्गातला. पहिल्याच दिवशी खांद्यावर हात टाकून म्हणाला, "मेंढक्या, लेका, तू हितं?" शिफ्टभर नाव पसरलं. बिहारहून आलेले हेल्परसुद्धा मला मेंढक्याभाई म्हणायला लागले. त्यांना अर्थ माहीत नव्हता. ते प्रेमानं म्हणायचे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कंपनीत मशिनरीची पूजा असते. रिॲक्टर धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. नारळ फुटले, पेढे वाटले. पुढं खुर्च्यांवर साहेब लोक, मालकांच्या घरची मंडळी. खाली सतरंजीवर आम्ही.

पुतण्या उठला. "सर, हमारे गाँव का एक स्पेशल आयटम है." मग माझ्याकडं वळून, "मेंढक्या, ये पुढं. करून दाखव की साहेबांना."

टाळ्या पडल्या. "सुना दो, भाई." मी उठलो. पाय सवयीनं चालले. जीभसुद्धा टाळ्याला जाऊन लागली. आतला आवाज म्हणाला, कर. तेवढंच तर येतंय तुला.

मी जरा थांबलो. पुतण्या जवळ आला, हसतच हळू म्हणाला, "कन्फर्मेशनची फाईल जायचीय तुझी. नाटकं करू नको. तेवढंच तर येतंय तुला, त्यात लाजायचं काय?"

तेच वाक्य. शब्दाला शब्द.

इतकी वर्षं मी समजत होतो, हे मी माझ्याशी बोलतोय, माझं मन मला ओळखतं. माझं कुठलं? हे यांचं बोलणं. मी ते घरी नेलं, खाऊ घातलं, वाढवलं. आणि त्याच्या खाली, पोटात, आणखी एक काहीतरी होतं. त्याला शब्द नव्हते. फक्त, नको. ते सातवीत त्या स्टेजवरही होतं. कंपासपेटीकडं हात करताना मी त्याला दाबलं होतं.

"नाही करणार," मी म्हणालो.

"का रे?"

"ती माझ्या बापाची कामाची हाक हाय. मेंढरांसाठी हाय. तुमच्यासाठी न्हाई."

मागून कुणीतरी ब्यॅऽऽ केलं. मालकांच्या घरचं एक लहान लेकरू हसलं. पुतण्याचा चेहरा उतरला.

"माज आला व्हय रे?"

"व्हय. लई उशिरा आला."

फार शूर वाटतं ना हे? बसमध्ये कुरकुंभ ते दौंड आतला आवाज मला शिव्या घालत होता. मूर्खा, नोकरी घालवलीस. मी खिडकीची दांडी धरून बसलो आणि त्याला एकच सांगत राहिलो, तू माझा नाहीस.

नोकरी गेलीच. प्रोबेशन संपलं, गेटवर ओळखपत्र काढून घेतलं. कारण विचारलं तर म्हणाले, टीममध्ये बसत नाही.

गावी गेलो. तोवर कळप विकला होता. चराईची रानं उसाखाली गेली, राहिलेल्यांत प्लॉट पडले. आबा दारात शेंगा फोडत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"मंग केलं न्हाईस?"

"न्हाई."

त्यांनी हातातली शेंग फोडून दाणे बाजूला टाकले. मग ते खाली बघत म्हणाले, "त्या दिशी साळंत मला वाटलं, पोराला आपली लाज वाटाय लागली. चारचौघांत आपलं सोंग काढतंय. म्हनून तुझ्याम्होरं हाक मारायची सोडली."

"आबा, मला वाटलं, तुमाला माझी लाज वाटती."

"मी उठून यायला पायजे हुतं सटेजवर. तुला खाली घ्यायला. पाय उठंनात. म्हनलं, शिकल्याल्या मानसांत आपुन काय बोलायचं? आपल्याला काय कळतंय?"

म्हणजे त्यांच्याही आत तो आवाज बसला होता. एका घरात आम्ही दोघं जण, एका भाकरीवर जेवणारे, आपापल्या जागी स्वतःला खात राहिलो. हसणारे तर त्याच रात्री घरी जाऊन झोपले होते.

मी म्हणालो, "आबा, मारा की एकदा हाक."

त्यांनी मान वर केली. जीभ हलली, डुर्रर्र आलं. पुढचं आलं नाही. खोकला आला.

"कुनाला मारू?" ते म्हणाले. "हायती कुठं मेंढरं?"

आई पाणी घेऊन आली.

आता दुसऱ्या कंपनीत आहे. मुलाखतीत विचारलं, घरी काय करतात? पूर्वी मी "शेती" म्हणायचो. ह्या वेळी म्हणालो, वडील मेंढपाळ, मी घराण्यातला पहिला पदवीधर. विचारलं, काम जमेल? म्हणालो, हो.

आतला आवाज गेलेला नाही. मोठ्या माणसासमोर उभा राहिलो की येतो अजून. जाईल, असंही मला वाटत नाही, तो माझ्याएवढाच मुरलेला आहे. आबांची गेलेली वर्षंही कुणी परत आणून देणार नाही. पण त्या लोकांनी माझ्याबद्दल जे म्हटलं, ते मी माझ्या तोंडानं पुन्हा म्हणणार नाही. चारचौघांत नाही. आणि एकटा असताना तर नाहीच नाही.