घासलेल्या कढईतलं झबलं

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या वाडीत लोखंडाची मोठी कढई कुणाकडेच नव्हती. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून सगळं तांब्यापितळेचं नाहीतर मातीचं. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला मला बीड जिल्ह्यात यावं लागलं.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. आई अंथरुणाला खिळली, शाळा सुटली, आणि शेजारच्या शिलाईच्या बाईंनी मला आपल्या ओट्यावर बसवून घेतलं. त्या लहान मुलांच्या कपड्यांवर चुण्यांचं भरतकाम करायच्या. स्मॉकिंग म्हणतात त्याला. कापडावर पेन्सिलीनं टिपक्यांच्या ओळी काढायच्या, टिपक्याटिपक्यातून धावदोरा घालायचा, सगळे दोरे एकदम ओढले की कापड मिटलेल्या छत्रीसारखं होतं. मग चुण्यांच्या माथ्यावर भरायचं आणि शेवटी खालचे दोरे काढून टाकायचे. बाई मधे एक पायरी घालायच्या, ती त्यांची स्वतःची. भरण्याआधी मिटलेलं कापड तसंच तांब्याच्या हंड्यात, ऐनाच्या झाडाच्या सालीच्या पाण्यात उकळायच्या. पूर्वी मासेमारीची सुती जाळी कुजू नयेत म्हणून त्या सालीत उकळत. नायलॉनची जाळी आली, साल कुणाला लागेना, बाईंनी ती झबल्यांना लावली. चुणीच्या माथ्यावर तांबूस रंग बसायचा, पोटात कापड पांढुरकं राहायचं. बाळ श्वास घेईल तशा छातीवर फिक्या रेघा उघडायच्या, मिटायच्या.

भरतकाम हाती बसल्यावर दोन वर्षं रंग शिकले आणि लग्न झालं. शाळा अर्धी राहिली तशी रंगाची विद्याही अर्धीच राहिली.

नवरा साखर कारखान्यात फिटर. कारखाने बदलत बदलत आम्ही बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावला आलो आणि एका शेतकरी घरात भाड्यानं खोली घेतली. माझा स्वभाव घाबरट. कडी लावली का हे मी तीनदा बघते. घरमालकीणकाकू मात्र पहिल्या दिवसापासून दारात उभ्या राहून हाक मारायच्या.

"कोकनातल्या बाई, जेवलात का? का मासळी न्हाई म्हनून उपास?"

एकदा मी धावदोरे ओढत होते, तर म्हणाल्या, "काय वं हे? चांगल्या कापडाला सुरकुत्या कावून पाडायलीस?" मी पूर्ण झालेलं झबलं दाखवलं. काकूंनी ते ताणून बघितलं, सोडून बघितलं, परत ताणलं. मग नीट घडी घालून परत दिलं.

दिवाळीनंतर त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. काकूंनी पेटीतून एक धोतर काढून माझ्या हातात दिलं. काका आदल्या वर्षी गेले होते.

"बाकीची वाटून टाकली. हे येकच ऱ्हायलंय. लई मऊ हाय. नातीला बारशाला ह्याचं झबलं शिव. आज्याच्या मांडीवर बसल्यावानी व्हईल."

मी ते घेतलं आणि कापायच्या आधी तीनदा मोजलं.

धोतराचा अर्धा भाग कापला, बाकीचा घडी करून ठेवला. टिपके, दोरे, चुण्या, सगळं नीट झालं. गावाकडून आणलेली ऐनाची साल माझ्या ट्रंकेत होती. भांडं काकूंनी दिलं, लग्नकार्यात भाजी करायची काळीभोर लोखंडी कढई. मला भीती एकच, तेलाचा डाग पडेल. मी राख आणि विटेचा तुकडा घेऊन बसले. एकदा घासली, दोनदा घासली, तिसऱ्यांदा घासली. काळा थर निघाला, आतलं लोखंड चकाकायला लागलं. काकू जाता जाता म्हणाल्या, "बस कर माय, भोक पडंल!"

अंगणात चूल पेटवली. पाण्याला आधी छान तांबडा रंग आला. त्यात झबल्याचं कापड सोडलं आणि माझ्या डोळ्यांदेखत पाणी जांभळट झालं, मग गढूळ, मग काळं. काठीनं कापड उचललं तर ते भिजलेल्या पाटीसारखं. बोअरच्या पाण्यात कितीही खळबळलं तरी रंग जाईना.

बारसं चार दिवसांवर. नातीच्या बारशाला काळं झबलं!

खोटं कशाला सांगू, मी केजच्या बाजारातून तसलंच पांढरं कापड आणायचं ठरवलं. कुणाला कळलं असतं? चपला घातल्या. कापड लपवायला उचललं तर बोटाला काठाजवळची गाठ लागली. तिथं काकूंनी कधीतरी रफू केलेला होता, बारीक टाक्यांचा. मी चपला काढल्या आणि तशीच त्यांच्या स्वयंपाकघरात गेले.

"काकू, धोतर माझ्या हातनं नासलं."

त्यांनी कापड हातात घेतलं. उलटंपालटं करून बघितलं. मग एवढंच म्हणाल्या, "उरलेलं आन."

मी उरलेलं नेऊन दिलं. त्यांनी ते पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. बारसं दुकानातल्या गुलाबी फ्रॉकमधे झालं. मी पाळण्याची दोरी धरायला पुढे गेले नाही. आता ही खोली सोडावी लागणार, असं मी नवऱ्याला सांगूनही टाकलं.

शिलाईच्या बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, "कसल्या भांड्यात उकळलंस?" लोखंडाच्या म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "ऐनाक लोखंड लागला की काळाच होता गो. तेलाचो थर असतो तर थोडा तरी वाचला असता. तू घासलंस, तेच नडला." आणि मग, "पण काम अर्धा टाकू नको."

म्हणून मी चुण्या भरल्या. पांढरा दोरा घेतला, खालचे धावदोरे काढले, बाह्या जोडल्या. कुणासाठी ते ठाऊक नव्हतं.

संक्रांतीच्या आधी काकू दारात आल्या. "ते काळं झालेलं फेकलंस का?"

"नाही."

"मग आन की. पोरीचं बोरन्हाण हाय. लोक काळा कपडा हुडकत दुकानं फिरत्यात, आन माझ्या घरात आज्याचं काळं पडून ऱ्हायचं व्हय?"

बोरन्हाणाला बाळाला काळंच घालतात, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. भीतीपोटी आठवलंच नव्हतं. काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने घातले. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे सोडले, गल्लीतली पोरं तुटून पडली. बाळ दचकून रडलं, छाती फुगली आणि चुण्या उघडल्या. काळ्यात फिक्या सरळ रेघा.

काकू वाकून बघत राहिल्या. "अगं बया! आपल्या रानात पेरल्यावर तासांच्या ओळी दिसत्यात, तसंच की." लेकीनं पदर डोळ्याला लावला. काकूंनी मला ओढून बाळाशेजारी बसवलं. "हिच्या अंगावरनं बी बोरं सोडा रे, घाबरट हाय लई."

घरापासून इतक्या लांब माझ्या डोक्यावर कुणी बोरं सोडेल, असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकू परत आल्या. काखेत उरलेलं धोतर, हातात तांब्याचं घंगाळ.

"ह्याचं मातर तांबडं कर. आन हे घासू नगंस, मी घासून आणलंय."

मी हो म्हटलं. त्या गेल्यावर घंगाळ आतून एकदा पदरानं पुसलंच.